चाळीस गोणी मीठ

एकदा एका वृद्ध कुलपतींनी चाळीस गोणी मीठ संडासात ओतले.

व्याख्यानात हे वाक्य उच्चारले की मागचे श्रोते हसतात आणि पहिल्या रांगेतले एखादे ज्येष्ठ गृहस्थ कपाळाला आठ्या घालतात. चारचौघांत हा शब्द कशाला, असे त्यांना वाटते. त्यांचा राग मी समजू शकतो. हा शब्द नको म्हणूनच आपण 'परसाकडे' म्हणतो, 'बाहेर जाऊन येतो' म्हणतो, आणि फारच शिकलेले असलो तर 'शौचास' म्हणतो. पण ज्या विद्यापीठाची ही गोष्ट आहे तिथला सगळा घोळ अशाच एका सभ्य शब्दावरून झाला होता. तेव्हा आज मला सभ्य राहून चालणार नाही.

ते विद्यापीठ काळ्या खडकाच्या एका डोंगरउतारावर वसले होते. माथ्यावर ग्रंथशाळा, आचार्यांची घरे आणि पाचशे विद्यार्थ्यांची निवासस्थाने होती. त्यांच्या पिछाडीला, खडक फोडून केलेल्या खोल खड्ड्यांवर, दगडी संडासांची एक लांब रांग होती. त्या काळात राजेरजवाडेही पहाटे तांब्या घेऊन रानाची वाट धरत. त्यामुळे या रांगेचा विद्यापीठाला मोठा अभिमान होता. पाहुणा आला की त्याला आधी ग्रंथशाळा दाखवत आणि मग, थोडे आढेवेढे घेत, ही रांग. तिथून खाली, उताराच्या मध्यावर बारव होती. चौकोनी, घडीव दगडांची, बावन्न पायऱ्यांची. तिच्या डोंगराकडच्या भिंतीत एक भेग होती आणि त्या भेगेतून बाराही महिने पाण्याचा पाझर येई. सगळे विद्यापीठ त्याच पाण्यावर जगत होते.

कुलपतींचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. त्यांच्या ज्या शिष्याची ही गोष्ट आहे त्याचेही नाही. गोष्टीत नाव एकाच व्यक्तीचे टिकले आहे. ती पाणी वाहणारी बाई होती आणि तिला येसाई म्हणत.

शिष्य मोठा बुद्धिमान होता. व्याकरण आणि धर्मशास्त्र ही दोन्ही शास्त्रे त्याने पंचविशीच्या आत पचवली होती. शिक्षण संपले तेव्हा आपल्याला ग्रंथशाळेचे प्रमुखपद मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. कुलपतींनी त्याला जवळ बोलावले आणि सांगितले, की आजपासून विद्यापीठाच्या शौचाचा भार तुझ्यावर.

शिष्याचा चेहरा क्षणभर उतरला. पण पंडिताला एकदा शब्द सापडला की त्यातून तो स्वर्गापर्यंत शिडी लावतो. शौच म्हणजे शुचिता, निर्मळपणा, आणि तो तर धर्माचा पाया. हे पद क्षुल्लक नाही, हे तर सर्वश्रेष्ठ पद आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ज्या शब्दाने ऋषी मनाची निर्मळता सांगतात त्याच शब्दाने आपण सकाळचा एक विधी सांगतो, ही गोष्ट मात्र त्याने विचारात घेतली नाही. कुलपतींना दोन्ही अर्थ अभिप्रेत होते. शिष्याने त्यांतला सुगंधी तेवढा उचलला.

वर्षभरात त्याने एक ग्रंथ लिहिला. त्यात एकशे आठ नियम होते. घागर राखेने तीनदा घासावी. बारवेत पायताण घालून उतरू नये. पाणी काढणाऱ्याने स्नान केलेले असावे आणि पाणी काढताना बोलू नये. सतरावा नियम असा होता, की पाणी वाहणाऱ्याने वाहून नेत असलेल्या घागरीतला किंवा बारवेतला घोटही घेऊ नये, घेतल्यास ते पाणी उष्टे झाले असे समजावे. प्रत्येक नियमाला आधार होता आणि प्रत्येक नियम पाळला जाई. बारवेच्या पायऱ्या इतक्या स्वच्छ असत की त्यांवर वाढून घेऊन जेवावे. संडासाच्या खड्ड्यांविषयी मात्र ग्रंथात एक अक्षरही नव्हते. अमंगळ वस्तूला मंगल ग्रंथात जागा कुठली? शिष्य स्वतः रोज तिथे जाई, पण जाताना नाकावर उपरणे आणि येताना मान दुसरीकडे.

एवढे सगळे असूनही दर वर्षी पावसाळा मुरला की विद्यापीठात हगवणीची साथ येई. पंधरा-वीस मुले अंथरूण धरत, वैद्य काढे देत, आश्विनापर्यंत साथ ओसरे. ऋतुपालट, असे सगळे म्हणत. ग्रंथ लिहून झाला त्या वर्षी भाद्रपदात साथ आली ती मात्र निराळी होती. साठ जण आडवे झाले आणि दोघे गेले.

त्या दोघांतला दुसरा शिष्याचा सहाध्यायी होता. नऊ वर्षे दोघे एका खोलीत राहिले होते, एका समईच्या उजेडात शिकले होते. आजाऱ्याला तहान आवरत नव्हती. शिष्य तीन दिवस त्याच्या उशाशी बसला होता. स्वतः घासलेल्या भांड्यातून, स्वतः गाळलेले पाणी, चमच्याचमच्याने त्याच्या ओठांत घालत होता. चौथ्या दिवशी सकाळी ओठ मिटले ते उघडले नाहीत.

दुःख झालेल्या माणसाला कारण हवे असते, आणि ते लवकर हवे असते. शिष्याने आपला ग्रंथ पुन्हा वाचला. एकशे आठही नियम पाळले गेले होते. मग दोष नियमात नाही, तर माणसात असला पाहिजे. बारवेतून पाकशाळेपर्यंत आणि आचार्यांच्या घरांपर्यंत पाणी एकाच व्यक्तीच्या हातून येत होते. येसाई साठीची विधवा होती. विद्यार्थी बारवेच्या काठावर घागरी भरून ठेवत, ती त्या आपल्या रेड्यावर लादून वर नेई, दिवसातून बारा खेपा. तिच्या घरी सून होती, दोन नातवंडे होती, आणि सगळी ठणठणीत होती. शिष्याने चौकशी केली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. येसाई हे पाणी स्वतः कधीच पीत नसे. मग संशयाला उरले काय? जी दुसऱ्याला पाजते आणि स्वतः पीत नाही, तिला काहीतरी ठाऊक असणार.

त्याने सभेपुढे निर्णय मांडला. येसाईच्या हाताला दोष आहे, तिला काढून टाकावे, आणि पंचक्रोशीतल्या गावांना तसे कळवावे. सभेने मान डोलावली. याचा अर्थ काय होतो हे सर्वांना कळत होते. ज्या बाईच्या हाताला दोष आहे असे विद्यापीठाने म्हटले तिला कोणी पाण्याला शिवू देणार नाही, कोणी तिची नात सून करून घेणार नाही. घर आणि रेडा सोडून तिला परमुलखात जावे लागले असते.

मग कुलपती उठले. ते एवढेच म्हणाले, की अमावास्येपर्यंत थांबा, आणि मला थोडे मीठ हवे आहे.

पायथ्याच्या पेठेत मिठाचा एक मोठा व्यापारी होता. त्याचा मुलगा याच विद्यापीठात शिकून गेला होता. कुलपतींचा निरोप मिळताच त्याला वाटले, अन्नदान असणार. चाळीस गोणी मीठ बैलांच्या पाठीवर लादून तो स्वतः वर चढला. कुलपतींनी त्याला नमस्कार केला, एका गोणीची शिवण उसवली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ती पहिल्या संडासाच्या खड्ड्यात रिकामी केली. मग दुसऱ्या गोणीला हात घातला.

व्यापाऱ्याने पुढे होऊन त्यांचा हात धरला. "आचार्य, मिठाचा एक खडा सांडला तरी देवाच्या दारी तो पापण्यांनी वेचावा लागतो, असं माझी आई सांगायची. इथं चाळीस गोणी आहेत."

"ठाऊक आहे," कुलपती म्हणाले. "ज्याचा त्याला वेचावा लागेल. तुम्ही हात सोडा."

व्यापाऱ्याने हात सोडला, पण निरोप न घेता तो डोंगर उतरून गेला. गोण्या रिकाम्या व्हायला संध्याकाळ झाली. ऐंशीचे कुलपती खांद्यावर गोण्या उचलून खड्ड्यांत ओतत होते, वरून पाणी सोडत होते, आणि कोणाची मदत मागत नव्हते. विद्यार्थी कोपऱ्याकोपऱ्यांतून पाहत होते. म्हातारचळ, असे कोणी तरी हलकेच म्हणाले, आणि ते कोणी खोडून काढले नाही. शिष्याला शरम वाटली. आचार्य, हे काय, असे त्याने विचारले, तेव्हा कुलपतींनी उलट विचारले, की तुझ्या ग्रंथात खड्ड्यांसाठी काही नियम आहे का? नाही, असे शिष्याने सांगितले. मग मी काही मोडलेले नाही, असे म्हणून ते हातपाय धुवायला गेले.

त्यानंतर रोज सकाळी कुलपती पाकशाळेत येत, येसाईने आणलेल्या घागरीतले ओंजळभर पाणी तोंडात घेत, ते जिभेवर थोडे घोळवत आणि चूळ टाकून निघून जात. मध्ये दोन दिवस चांगला पाऊस झाला. दहा दिवस असे गेले.

अकराव्या दिवशी सकाळी पाकशाळेत आरडाओरड झाली. आमटी खारट, भात खारट, ताकही खारट. आचाऱ्याने देवाशपथ सांगितले, की मीठ मी चिमटीनेच घातले. मग कोणी तरी नुसते पाणी पिऊन पाहिले. पाणीच खारट होते.

शिष्य धावत आला. येसाई दारात उभी होती, रेड्याची दोरी हातात होती. गेल्या पंधरा दिवसांत साचलेले सगळे त्याच्या तोंडून बाहेर पडले. अमावास्या जवळ आली म्हणून तू सूड घेतलास, पाण्यात मीठ कालवलेस, आता तर पुरावाच मिळाला, असे तो म्हणाला.

येसाई रडली नाही. तिने एकदा घागरीकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे.

"म्या कशाला मीठ टाकीन, बाबा? मीठ इकत घ्यावं लागतं. बारवंतलंच खारट असंल. म्या कदी चाखलं न्हाई. तुमीच नगं म्हनलासा."

तुम्हीच नको म्हणालात, हे शब्द शिष्याला लागले. सतरावा नियम. त्याच्याच अक्षरातला. ही बाई ते पाणी पीत नव्हती, कारण त्याने तिला ते पिऊ दिले नव्हते. आणि तेच त्याने तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून सभेत वाचले होते. तरीही माणूस आपली चूक एका दमात गिळत नाही. बघतोच, असे म्हणून तो बारवेकडे निघाला.

बावन्न पायऱ्या उतरून त्याने काठाचे पाणी ओंजळीत घेतले. खारट होते. येसाईला इथवर उतरायची परवानगी नव्हती, त्यामुळे तिचा हात या पाण्याला लागणे शक्य नव्हते. तो गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडच्या भिंतीपाशी गेला. तिथे भेगेतून पाझर येत होता, डोंगराच्या पोटातून सरळ, कोणत्याही माणसाच्या हाताला न लागता. एकशे आठ नियमांतला एकही नियम जिथे पोचत नाही अशी ती जागा होती. त्याने तिथे ओंजळ धरली आणि प्यायला. ते सगळ्यांत खारट होते.

चार पावले मागे सरून त्याने वर पाहिले. बारवेच्या काठापासून उतार सुरू होत होता. बाकीचे गवत साधेच होते. त्याच्या मधून, हातभर उंच, काळपट हिरव्या गवताची एक पट्टी चढत गेली होती. नजर त्या पट्टीवरून वर वर गेली आणि संडासांच्या रांगेपाशी थांबली.

मला इथे नेहमी थांबावे लागते. त्या तरुणाच्या मनात त्या क्षणी जे आले ते सांगणे सोपे नाही. आपण पाचशे माणसे इतकी वर्षे काय पीत आलो हे त्याला कळले, हे तर झालेच. पण त्याला आठवला तो एक चमचा. तीन दिवस, अतिशय प्रेमाने, घासूनपुसून, त्याने आपल्या मित्राच्या ओठांत जे घातले होते ते या भेगेतून आले होते. येसाईने ते फक्त वाहिले होते, पाजले त्याने होते. तो पाण्यातच खाली बसला.

बऱ्याच वेळाने तो त्या हिरव्या पट्टीवरून उतार चढून वर आला. संडासांच्या रांगेपाशी एका दगडावर कुलपती बसले होते. त्याच्या भिजलेल्या वस्त्रांकडे पाहून त्यांना जे समजायचे ते समजले. शिष्याने त्यांच्या पायांवर डोके ठेवले नाही, कारण त्याला तेवढेही त्राण नव्हते. तो समोर मातीत बसला आणि म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं तर सांगितलं का नाही?"

"ठाऊक नव्हते. शंका होती," कुलपती म्हणाले. "गेले वीस उन्हाळे मी या दगडावर बसतो. सगळा उतार करपतो आणि एवढी पट्टी हिरवी राहते. मला ती फार आवडायची. विद्येचा ओलावा असा असतो, म्हणून मी तिच्यावर श्लोक केला होता. हे खड्डे कुठे खणायचे ते मीच दाखवले होते, तेव्हा शरम वाटायची असेल तर ती आधी मला वाटू दे. तुझा मित्र गेला त्या दिवशी पहिल्यांदा मनात आले, की ही ओल येते कुठून. मी तुला सांगितले असते तर तू ग्रंथ उघडला असतास, आणि खडकातून येणारे पाणी शुद्धच असते असे वचन तुला सापडले असते. मलाही ते पाठ आहे. म्हणून डोंगरालाच विचारायचे ठरवले. पाण्याला रंग नसतो, आणि त्यात जे मिसळत होते त्याला चव नव्हती. मी फक्त त्याला चव दिली."

त्यांनी खाली बारवेकडे पाहिले. मग कुलपती पुन्हा बोलले.

"आपण म्हणतो, बाहेर जाऊन येतो. पण बाहेर असे काही नसतेच रे. आपण जे टाकतो ते कुठे तरी उतरते, कोणाच्या तरी घागरीत पोचते. आपल्याकडे काय येते ते तू एकशे आठ प्रकारे तपासलेस. आपल्याकडून काय जाते आणि ते कुठे जाते, हे विचारणे म्हणजे शौच. माझ्याकडूनही ते राहिले. आता रडत बसू नकोस. आज सकाळी सगळ्या विद्यापीठाने मीठ खाल्ले आहे. खाल्ल्या मिठाला जागायचे असेल तर तिकडे पाकशाळेच्या दारात ती बाई उभी आहे."

त्याच दुपारी सभा भरली. शिष्याने उभे राहून आपला निर्णय पुन्हा वाचला, मग सतरावा नियम वाचला, आणि या दोहोंमध्ये दोषी कोण ते स्पष्ट शब्दांत सांगितले. मित्राला पाणी कोणी पाजले तेही सांगितले. मग त्याने येसाईला विचारले, की तुम्ही कुठले पाणी पिता?

येसाई त्यांना घेऊन गेली. डोंगराला वळसा घालून, पलीकडच्या अंगाला, तिच्या वस्तीपेक्षाही उंचावर एक झरा होता. कमरेएवढ्या खळग्यात निवळ पाणी होते. भोवती हातांनी रचलेला दगडांचा कठडा होता, गुरे शिरू नयेत म्हणून काट्यांचे कुंपण होते, आणि वरच्या बाजूला कुठेही माणसाच्या पायवाटेची खूण नव्हती. ग्रंथशाळेतले आचार्य, व्याकरणाचे पंडित, वैद्य, सगळे त्या खळग्याभोवती गोल उभे राहिले. हे असे राखायचे तुम्हाला कोणी शिकवले, असे वैद्यांनी विचारले.

"पान्याच्या वरल्या अंगाला बसू न्हाई, येवढं सासूनं सांगितलं हुतं," येसाई म्हणाली. "तुमच्या पुस्तकात न्हाई का?"

पाचशे जणांच्या विद्यापीठात जे एकालाही ठाऊक नव्हते ते एका अडाणी सासूने चुलीपुढे बसून एका वाक्यात सांगून ठेवले होते. कुलपतींनी तिथल्या तिथे हात जोडले. त्यांनी ते येसाईला जोडले, की झऱ्याला, की त्या कधीच निघून गेलेल्या सासूला, हे पाहणाऱ्यांना सांगता आले नाही. मग एकेकाचे हात आपोआप जुळत गेले.

शिष्याने झऱ्याच्या पाण्याने एक घागर भरली आणि येसाईपुढे धरली. आधी तुम्ही प्या, असे तो म्हणाला. ती मागे सरली; उष्टं हुईल, म्हणाली. त्याने घागर तशीच धरून ठेवली. शेवटी तिने पदर सावरून घागरीला ओठ लावले आणि दोन घोट घेतले. मग त्याच काठाला ओठ लावून तो प्यायला. झऱ्याचे पाणी गोड होते. तरी त्याला ते खारट लागले, कारण त्याच्या पापण्यांवरून मीठ ओघळून ओठांपर्यंत येत होते, आणि तो ते पुसत नव्हता.

पुढचे थोडक्यात सांगतो. डोंगरावरचे खड्डे बुजवले. नवे संडास सर्वांत खाली, ओढ्याच्या पलीकडे, जिथून पाणी कोणाच्याही विहिरीकडे जात नाही अशा जागी बांधले. पहिली कुदळ शिष्याने मारली आणि हाताला फोड येईतो तो खणत राहिला. एवढे उतरायचे आणि चढायचे म्हणून गुडघे धरलेल्या आचार्यांनी कुरकुर केली. पण ऐंशीचे कुलपती रोज काठी टेकत उतरू लागले तेव्हा कुरकुरीला तोंड राहिले नाही. बारव उपसून काढली, तरी तिचा खारटपणा जायला दोन पावसाळे लागले. तोवर सारे विद्यापीठ येसाईच्या झऱ्यावर जगले, आणि घागरी विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने वाहिल्या. पुढच्या भाद्रपदात आजारघरातल्या चटया गुंडाळलेल्याच राहिल्या. शिष्याने आपल्या ग्रंथातले पुष्कळ नियम खोडले आणि पहिल्या पानावर एक नवा नियम लिहिला, येसाईच्या सासूच्याच शब्दांत. व्याकरणाच्या पंडिताने तो जसाच्या तसा लिहिला, एक मात्राही न सुधारता.

आजकाल एखाद्या विद्यापीठात बोलायला गेलो की ते माझ्यापुढे पाण्याची बंद बाटली ठेवतात. मी विचारतो, तुमच्या वसतिगृहांच्या संडासांचा पाइप शेवटी कुठे जातो? कुलगुरू कुलसचिवांकडे बघतात, कुलसचिव अभियंत्यांकडे, आणि शेवटी बाहेर झाडू घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या मावशींना बोलावून विचारावे लागते. त्यांना ते ठाऊक असते. नळ कुठे सुरू होतो हे आपण सगळेच जाणतो; आपली मोरी कुठे संपते, ते एकदा स्वतःच्या पायांनी जाऊन पाहून यावे.

गोष्टीतला एक माणूस राहिला. दोन वर्षांनी तो मिठाचा व्यापारी पुन्हा वर आला. राग गेला होता, पण आईचे शब्द त्याच्या मनातून गेले नव्हते. शिष्य त्या वेळी झऱ्यावर नव्या मुलांना दगड कसे रचायचे ते दाखवत होता. व्यापाऱ्याने कुलपतींना विचारले, की माझ्या चाळीस गोण्या पाण्यात गेल्या ते सार्थकी लागले, हे ऐकले मी. पण सांडलेले मीठ पापण्यांनी वेचावे लागते, त्याचे काय?

कुलपतींनी झऱ्याच्या दिशेने पाहिले.

"वेचले," ते म्हणाले. "मी तिथे होतो."